विधवेच्या शेतातला दगड

मॅलकी स्कॅहिलने नोकरीची सगळी वर्षं लोकांच्या गायी गाभण करण्यात घालवली. डेअरीची गाडी, बैलाच्या वीर्याची गार नळकांडी, खांद्यापर्यंत चढवलेला हातमोजा आणि गळ्यात टाय. गोठ्यात शिरतानाही तो टाय काढायचा नाही, म्हणून अख्खा क्लूनकारा त्याला पाठीमागे ‘टायवाला बैल’ म्हणायचा. त्या टायांवर काय काय उडायचं ते त्याच्या बायकोला विचारावं. नोरीनने ते हातांनी धुतले आहेत.

असा माणूस निवृत्त झाल्यावर काय करतो? कुणी मधमाश्या पाळतो, कुणी पबच्या कोपऱ्यात बसून लिव्हर खराब करून घेतो. मॅलकीने इतिहास लिहायला घेतला. पुढच्या खोलीतलं जेवणाचं टेबल अडवलं, चष्म्याला दोरी लावली, आणि फोन उचलला की "मॅलकी स्कॅहिल, स्थानिक इतिहासकार" असं म्हणायला लागला, मग पलीकडे गॅसवाला का असेना.

"गायींना बोलता येत नव्हतं म्हणून इतकी वर्षं खपून गेलं," नोरीन शेजारच्या बीझी बर्नला म्हणाली. "आता मेलेल्यांच्या मागे लागलाय. त्यांनाही बोलता येत नाही."

"आमचा म्हातारा बोलेल की," बीझी बिस्कीट चहात बुडवत म्हणाली. तिचा सासरा पॅकी नव्वदीला टेकला होता आणि चुलीशेजारच्या खुर्चीतून सगळ्या परगण्यावर नजर ठेवून होता. "पण मॅलकी त्याला विचारायला येईल तर ना."

मॅलकी कशाला विचारायला जाईल? त्याचा इतिहास टेबलावरच तयार व्हायचा. त्यात स्कॅहिल मंडळी कुठल्याशा सरदाराच्या कुळातली निघाली. नोरीनने ते प्रकरण वाचलं आणि सरदाराच्या वंशजाला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवून यायला सांगितलं.

ती स्वतः क्लूनकाऱ्यातली नव्हे, डोंगरापलीकडची. चाळीस वर्षं इथे काढूनही ती इथली झाली नव्हती आणि त्याचं तिला काडीचंही दुःख नव्हतं. पण इथली रीत तिला पाठ झाली होती. क्लूनकाऱ्यात शेताला नाव पडतं ते ज्याच्याकडे आहे त्याचं नाही, ज्याच्या हातून गेलं त्याचं. ‘पोरींचं शेत’ म्हणजे ज्या दोघी बहिणी बॉस्टनला गेल्या आणि परत आल्याच नाहीत त्यांचं. आज ते बर्नांकडे आहे, आणि बर्न स्वतःच "पोरींच्या शेतात मेंढ्या सोडल्यात" असं म्हणतात. तळ्यात बुडालेल्या टॉमचं शेत आहे, वेड लागलेल्या शिंप्याचं आहे. कुणाला त्यात काही खुपत नाही. खुपायचं ते एकट्या मॅलकीला, कारण त्याच्या सगळ्या जमिनीत जे चांगलं शेत होतं, रस्त्याला लागून, कोरडं, उन्हाकडे तोंड केलेलं, त्याचं नाव होतं ‘विधवेचं शेत’.

विधवेचं नाव विनी लॅव्हिन. मॅलकीच्या पणजोबाच्या काळातली गोष्ट. जमीनदाराला तिथे मेंढ्या चारायच्या होत्या, म्हणून त्याने शिपाई आणून तिला बाहेर काढलं आणि पहारी लावून घर पाडलं. सगळ्या गावाने शपथ घेतली की त्या जमिनीला कुणी हात लावायचा नाही. जमीनदाराला गुराखीसुद्धा मिळेना. शेत ओसाड पडलं, आणि तो आज ना उद्या नमेल आणि बाईला परत बोलावील असं लोकांना वाटायला लागलं. अशात एका रविवारी सगळं गाव मिस्साला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, गेलेलं असताना त्या पणजोबाने, बार्टली स्कॅहिलने, जमीनदाराशी खंड ठरवून फाटक उघडलं आणि आपले गोऱ्हे आत सोडले. लोक चर्चमधून परतले तेव्हा गोऱ्हे आत बसून रवंथ करत होते. विनी लॅव्हिन पुढे आयुष्यभर बर्नांच्या स्वयंपाकघरात, कोपऱ्यातल्या अंथरुणावर राहिली.

गाव त्यावर काही बोललं नाही. ह्या गावाचं तेच तर आहे, ते बोलत नाही. स्कॅहिलांच्या बाकीच्या शेतांत गवत कापायला शेजारी यायचे, बांध ढासळला तर दगड उचलू लागायचे, घरात मयत झालं तर खड्डा खणायचे. फक्त त्या एका फाटकाशी आले की कुणाची पाठ धरायची, कुणाचं घोडं लंगडायचं. पुढे यंत्रं आली तरी तेच. मुरघासाचा कंत्राटदार मॅलकीचं सगळं गवत कापायचा आणि विधवेच्या शेताची पाळी आली की त्याच्या यंत्राचा पट्टा तुटायचा. दर उन्हाळ्यात तुटायचा, आणि दर उन्हाळ्यात कंत्राटदार तितकाच हळहळायचा. मग मॅलकी आपल्या जुनाट ट्रॅक्टरवर बसून एकटाच ते कापायचा, टाय लावून. रस्त्याने जाणारे स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून त्याला नमस्कार करायचे.

नोरीनला त्या भानगडीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला तिची लेक हवी होती. सोरखा ऑस्ट्रेलियात, पर्थला, नवरा आणि दोन पोरं घेऊन राहत होती, आणि फोनच्या काचेवर नातवंडांचे मुके घेऊन नोरीन विटली होती. शेवटी सोरखाच म्हणाली, "आई, आम्ही परत यायचं म्हणतोय. तिथे घर बांधता येईल का?" त्या रात्री नोरीनला झोप लागली नाही. घर बांधायचं तर कोरडी, रस्त्यालगतची जमीन हवी, नाहीतर बांधकामाची परवानगी देणारं कौन्सिल दारातही उभं करत नाही. स्कॅहिलांची बाकी जमीन म्हणजे निम्मी दलदल. राहिलं एकच शेत. सकाळ होईपर्यंत नोरीनने सोरखाच्या स्वयंपाकघराची खिडकी कुठे येईल तेही ठरवून टाकलं. आपल्या अंगणातून दिसेल अशी.

"माझी लेक विधवेच्या शेतात राहणार नाही," मॅलकी म्हणाला.

"का? विधवा चावते का?"

"पत्ता काय सांगणार ती? पोस्टमन काय म्हणेल? आधी त्या शेताला धड नाव पाहिजे, नोरीन. मग घर."

"मग दे की नाव. दे आणि मोकळा हो. फक्त लवकर आटप."

हे ती बोलून गेली. पुढे कितीतरी वेळा तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. मॅलकीला मोकळीक देऊ नये, हे चाळीस वर्षांत तिला कळायला हवं होतं.

गावात तेव्हा वारसा समिती निघाली होती. फाटकाफाटकाशी नाव कोरलेले दगड बसवायचे, असं तिचं काम. समितीत होते फादर कॉन्लन, ज्यांना आपल्या हातात माणसं आहेत की मेंढ्या हे रविवारपुरतं आठवायचं; निवृत्त शिक्षिका फीरिकबाई, ज्यांनी निम्म्या गावाला पट्टीने मारलं होतं आणि उरलेल्याला मारायचं राहिलं म्हणून हळहळत होत्या; पबवाला गस ड्यूगन, जो कुणाशीही असहमत होत नसे, कारण सहमत माणूस जास्त पितो. आणि अध्यक्ष मॅलकी. दुसऱ्या कुणाला ते काम नको होतं, एवढीच त्याची पात्रता.

नोरीन त्या बैठकीत चहा ओतत होती. मॅलकी उभा राहिला, टाय सारखा केला आणि म्हणाला की आपल्या संशोधनातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली आहे. रस्त्यालगतच्या शेताचं खरं, प्राचीन नाव ‘मिस्साचं शेत’ असं आहे. बंदीच्या काळात, आपल्या धर्मावरच बंदी होती आणि धर्मगुरूंना पकडून देत असत तेव्हा, आपले पूर्वज तिथे उघड्यावर लपूनछपून मिस्सा करत. शेताच्या मधोमध जो सपाट दगड आहे, काळवंडलेला, तीच वेदी.

खोलीत शांतता पसरली. ती शांतता तिला ओळखीची होती, गवताच्या दिवसांत फाटकाशी पडायची तीच. फादरांनी कपात पाहिलं. फीरिकबाईंनी सँडविचमधलं हॅम उघडून पाहिलं. गस ड्यूगन छताकडे बघत होता.

"तू शिकलेला माणूस, मॅलकी," गस शेवटी म्हणाला. "आम्हाला काय कळतंय?"

"कुणाची हरकत?" मॅलकीने विचारलं.

हरकत कुणाची नव्हती. मॅलकीने तेच एकमत धरलं. घरी येताना गाडीत तो शीळ घालत होता आणि नोरीन खिडकीबाहेर बघत होती. तिला त्या सगळ्यांची किळस आली होती, नवऱ्याची जास्त. पण खिडकी, स्वयंपाकघर, नातवंडं हे तिच्या डोळ्यांपुढे होतं, म्हणून तीही गप्प राहिली. त्या रात्री तीही क्लूनकाऱ्याची झाली म्हणायची.

फाटकाशी नावाचा दगड बसला. चांगला घासूनपुसून गुळगुळीत केलेला, सोनेरी अक्षरांचा. ऑगस्टमधल्या चर्चच्या सणाला फादरांनी त्या शेतातच मिस्सा करायचं जाहीर केलं आणि मॅलकीने नवा टाय घेतला.

सगळं गाव आलं. खरंच आलं. ज्यांचे आजे-पणजे त्या फाटकाच्या आत पाऊल टाकत नव्हते, ती माणसं बायकापोरांसकट ओल्या गवतातून चालत आली. पॅकी बर्नला त्याच्या मुलाने खुर्चीसकट उचलून आणलं आणि काळ्या दगडाजवळ बसवलं. मुरघासाचा कंत्राटदार टोपी हातात घेऊन उभा होता. मॅलकीने भाषण केलं. त्यात बंदीचा काळ होता, सैनिक होते, धर्मगुरू होता, आणि एक शूर स्कॅहिलही टेकडीवर पहाऱ्याला उभा होता. नोरीनला वाटलं, आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही.

मग जपमाळ सुरू झाली. नोरीन पॅकीच्या खुर्चीशेजारी गुडघे टेकून होती म्हणून तिला ऐकू आलं. दहा-दहा प्रार्थनांचं एकेक दशक संपलं की म्हातारा पुटपुटायचा, "विनी लॅव्हिनच्या आत्म्याला शांती दे." आणि मागच्या रांगांतून, हळू आवाजात, बायकापुरुष सगळे म्हणायचे, "शांती दे." मॅलकी पुढे उभा होता, फादरांच्या उजव्या हाताला, छाती काढून.

संपल्यावर लोक एकेक करून येऊन त्या काळ्या दगडाला हात लावून जायला लागले. बीझीने लावला. कंत्राटदाराने लावला.

"हा दगड काळा का आहे माहितीये तुला?" पॅकीने नोरीनला विचारलं.

"नाही."

"तिची चूल होती इथे. आजी सांगायची, यावर निखारे असायचे आणि निखाऱ्यांत पावाचं भांडं. घर पाडलं तरी एवढा दगड काही त्यांच्याने हलला नाही." तो थोडा वेळ दगडाकडे बघत राहिला. "मिस्साचा आणि ह्या शेताचा संबंध आहे खरा. सगळं गाव मिस्साला गेलं होतं तेव्हाच तर बार्टलीने गोऱ्हे सोडले. तुझा नवरा अगदीच खोटं बोलत नाही."

नोरीनने खाली वाकून दगडाला हात लावला. घरी आल्यावर तिने हे मॅलकीला सांगितलं.

"म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय," मॅलकी बूट काढत म्हणाला. "पाहिलंस ना? सगळे आले. एकूण एक. संपलं आता ते विधवा-बिधवा. कौन्सिलच्या लोकांनाही कळवून ठेवलंय मी, त्यांच्या प्राचीन स्थळांच्या यादीत आपलं शेत आता कायमचं लागलं."

नोरीनने टेबलावर कोबी आणि उकडलेलं बेकन वाढलं. ‘कायमचं’ हा शब्द तिच्या कानाला कुठेतरी लागला, पण तेव्हा ती दमली होती.

परवानगीसाठी अर्ज गेला, आणि हिवाळ्याच्या तोंडाला कौन्सिलची एक बाई पाहणीला आली. तरुण, चिखलाचे बूट घातलेली, फार अदबीने बोलणारी. मॅलकीने तिला फाटकापासून वेदीपर्यंत नेलं, सैनिक कुठून आले आणि स्कॅहिल कुठे उभा होता तेही दाखवलं. बाईने सगळं ऐकून घेतलं. तिच्या हातात मॅलकीनेच छापून कौन्सिलला पाठवलेलं इतिहासाचं पुस्तक होतं.

"तुम्ही फार मोलाचं काम केलंत, मिस्टर स्कॅहिल," ती म्हणाली. "मग तुमच्या लक्षात आलंच असेल की इथे घर बांधता येणार नाही."

मॅलकी हसला. मग हसायचा थांबला.

"म्हणजे अख्ख्या शेतात?" नोरीनने विचारलं.

"अख्ख्या शेतात. अशी जागा एकदा यादीत आली की कुदळसुद्धा लावता येत नाही." बाईने एकदा नोरीनच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला बहुतेक कीव आली. "चुकून नोंद झाली असेल तर गोष्ट वेगळी. गावातली दोन जुनी माणसं पुढे आली आणि इथे असं काही नव्हतं असं त्यांनी सांगितलं, तर आम्हाला पुन्हा विचार करता येईल. घरची माणसं नकोत, बाहेरची हवीत."

त्या दिवशी नोरीनने नवऱ्याला जेवू घालण्याआधी घराबाहेर काढलं. "जा. दोन माणसं आण. गुडघे टेक, रांगत जा, काहीही कर. पण आण."

तो आधी गस ड्यूगनकडे गेला. गसने ग्लास पुसत पुसत सगळं ऐकून घेतलं.

"मिस्सा झालीच नव्हती?" गस म्हणाला. "नाही, नाही, मॅलकी. असं कसं म्हणतोस? तू स्वतः सांगितलंस. मी गुडघे टेकलेत तिथे. पँट खराब झाली माझी."

"गस, तुला माहीत आहे."

"मला काय माहीत असणार? मी पबवाला. इतिहासकार तू."

फीरिकबाई तर कळवळल्या. "मॅलकी, तुझा अभ्यास एवढा, आणि तू आता स्वतःवरच शंका घेतोस? असा न्यूनगंड बरा नव्हे," म्हणाल्या आणि त्याला सफरचंदाच्या टार्टचा तुकडा कागदात गुंडाळून दिला. फादर कॉन्लन म्हणाले की जिथे आपण स्वतः मिस्सा केली तिथे मिस्सा कधी झाली नव्हती असं सांगणं त्यांना धर्माला धरून वाटत नाही. कंत्राटदाराने यंत्राखालून डोकंच बाहेर काढलं नाही. परगण्यातला एकूण एक माणूस मॅलकीवर विश्वास ठेवून बसला होता. उभ्या जन्मात त्याच्या एका शब्दावर कुणी विश्वास ठेवला नव्हता, आणि आता सगळे मिळून तो परत घ्यायला तयार नव्हते.

तो टार्टचा तुकडा घेऊन घरी आला तेव्हा नोरीनने कोट चढवला. "पॅकीकडे चल," ती म्हणाली.

"त्या म्हाताऱ्याकडे मी जाणार नाही."

"जाशील."

पॅकी चुलीशेजारी होता. बीझीने चहा ठेवला आणि ती बाजूला उभी राहिली. मॅलकीने घसा साफ केला आणि कौन्सिल, नियम, नोंदीतली गफलत असं बरंच काही सांगितलं. पॅकीने मध्ये कुठे अडवलं नाही.

"मी सांगेन त्या बाईला," पॅकी म्हणाला. "खरं तेच सांगेन, इथे मिस्सा नव्हती, घर होतं. घर होतं म्हटल्यावर घर बांधायला काय हरकत? आणि मी सांगितलं की गसही सांगेल, तो माझ्याच तोंडाकडे बघून बसलाय."

नोरीनचे डोळे भरून आले.

"फक्त एक कर, मॅलकी," पॅकी पुढे म्हणाला. "तुझ्या दगडावर काय लिहिलंय ते राहू दे, दगडाचं मला काही नाही. तू इथे, ह्या स्वयंपाकघरात, मला त्या शेताचं नाव सांग. ती त्या कोपऱ्यात झोपायची. तिथे बघून सांग."

कोपऱ्यात आता फ्रिज होता. मॅलकीने फ्रिजकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं आणि नुसतं उघडंच राहिलं. चुलीत जळणाचा एक तुकडा खाली घसरला.

"विधवेचं शेत," नोरीन म्हणाली. "विनी लॅव्हिनचं. झालं? सांगितलं मी."

"तुझं मला माहीत आहे, बाई," पॅकी हळूच म्हणाला. "तुझ्याकडून नको आहे."

"दोन शब्द आहेत, मॅलकी," ती नवऱ्याला म्हणाली. "तुझ्या लेकीसाठी. दोन शब्द."

मॅलकीने टोपी घातली. "माझ्या पणजोबाने ती जमीन कायद्याने घेतली," तो म्हणाला. "मी इतिहासकार आहे. गावगप्पांना मान तुकवायला मी इथे आलेलो नाही." आणि तो बाहेर जाऊन गाडीत बसला. बीझीने चहाचा कप तसाच उचलून मोरीत ओतला.

गाडीत नोरीन काही बोलली नाही. घरी आल्यावर बोलली. ज्या बायका आयुष्यभर गिळत आलेल्या असतात त्या बोलायला लागल्या की काय होतं ते मॅलकीने त्या दिवशी पाहिलं. ती म्हणाली की तुझा पणजोबा चोर होता, पण निदान दिवसाढवळ्या फाटक उघडायची त्याच्यात धमक होती. तुझ्यात तेवढीही नाही. तू एका मेलेल्या बाईचं नाव घ्यायला घाबरतोस.

"उगाच तमाशा करू नकोस," मॅलकी म्हणाला. "सोरखा तिथे सुखात आहे. तिथे ऊन असतं."

एवढंच म्हणाला. ह्यात त्याला काही वावगं वाटलं नाही, आणि लगेच चष्मा शोधायला लागला. नोरीन तिथल्या तिथे खुर्चीवर बसली. तिला रडू आलं आणि त्या रडण्याचाही तिला राग आला. चष्मा त्याच्याच गळ्यात, दोरीला लोंबकळत होता. तिने सांगितलं नाही.

थोड्या महिन्यांनी सोरखाने पर्थलाच घर घेतलं. वाट बघून तरी किती बघणार? ईस्टर झाल्यावर नोरीन तीन महिन्यांसाठी म्हणून निघाली. बीझीने तिला विमानतळावर सोडलं. मॅलकी फाटकाशी उभा होता, त्याने हात केला. त्याला खरंच वाटत होतं की तीन महिने.

तीन महिने झाले, मग वर्ष होत आलं. नोरीनला तिथलं ऊन सोसत नव्हतं, माश्यांचा वैताग होता, शेजारी कोण राहतं ते माहीत नव्हतं. डोंगराकडून येणाऱ्या ओल्या वासासाठी तिचा जीव तुटायचा. नातवंडांची दप्तरं भरायची, बटाटे सोलायचे आणि रविवारी बीझीला फोन करायचा. मॅलकीचा विषय दोघी काढत नसत. बीझी गावचं सांगायची: पॅकी गेला, खड्डा खणायला एवढे लोक आले की फावडी कमी पडली. गसने पबला नवा रंग दिला, जुन्याहून घाण.

"आणि वादळ झालं परवा," एका रविवारी बीझी म्हणाली. "ते मोठं झाड आडवं झालं ना, नोरीनच्या शेतातलं."

"कुणाच्या?"

पलीकडे बीझीने कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कुणाच्या शेतातलं, बीझी?"

"अगं, तसं म्हणतात आता," बीझी म्हणाली. "मी नाही पाडलं नाव. कुणी पाडलं तेही माहीत नाही. तू गेलीस आणि नंतर सगळे तसंच म्हणायला लागले. रागावलीस का?"

नोरीन रागावली नव्हती. तिला ती रीत पाठ होती. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"नावाचा दगड आहे का?"

"आहे की. शेवाळ धरलंय. कोण बघतंय त्याकडे?"

"त्याच्यासमोर म्हणतात?"

"छे, त्याच्यासमोर कोण म्हणेल," बीझी म्हणाली. "सांगू की नको कळत नाही. शुक्रवारी खताच्या दुकानात तो माझ्या पुढे होता. दुकानदाराने विचारलं, गोणी कुठे नेऊन टाकायच्या. काही बोलेचना गं. मागे ही रांग. नुसता टाय चाचपत उभा. मग म्हणाला, नोरीनच्या शेतात. मोठ्याने नाही म्हणाला. पण सगळ्यांनी ऐकलं."

आतून सोरखाची धाकटी नोरीनला हाक मारत होती.

"टाय कसा होता?" तिने विचारलं.

"खरं सांगू? मळका होता."

"असणारच," नोरीन म्हणाली. फोन ठेवला आणि बटाट्यांचं पाणी काढायला आत गेली.